थर्ड हिट

शाळेत मी बत्तीस वर्षं पी.टी. शिकवलं आणि बत्तीस वर्षांत मराठीच्या बाईंनी माझं ऱ्हस्व-दीर्घ एकदाही माफ केलं नाही. मी फळ्यावर ‘क्रिडा दीन’ लिहायचो, त्या सगळ्यांसमोर खडूनं दुरुस्त करायच्या आणि पोरं फिदीफिदी हसायची. मी म्हणायचो, बाई, वेलांटी इकडची तिकडं झाली म्हणून कुणी शर्यत हरत नाही. ते वाक्य मी आता परत घेतो. माझ्या एका वेलांटीनं एक गुणी पोर दोन आठवडे कोंडून पडली, आणि बाहेरून कडी घालणाराही मीच होतो.

पोरीचं नाव क्रांती जोतीराम बनसोडे, वय एकोणीस. आमचं गाव उंब्रजपासून आत सात किलोमीटरवर आहे. गावाच्या एका अंगाला ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं भीमनगर. तिथं क्रांतीचं तीन खोल्यांचं घर आहे. आई ती लहान असतानाच गेली. वडील जोतीराम कराडात मोटारपंप दुरुस्त करतो, सकाळी जातो तो दिवेलागणीलाच परत येतो. पोरीला वाढवलं ते आजीनं, हरणाबाईनं. हरणाबाईनं चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात भांगलण केली, त्यातली निम्मी आमच्या हंबीरराव आबांच्या मळ्यात. आबा म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. गावात पान हललं तरी त्यांना विचारून हलतं.

क्रांती मला सापडली ती सातवीत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की भीमनगरची सगळी पोरं पुलावरून वळसा घालून शाळेत यायची. ही मात्र सरळ ओढ्यावरनं उडी टाकून यायची आणि गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पायांनी वर्गात शिरायची. एकदा मी छडी घेऊन तिची वाट बघत ओढ्याकाठी उभा राहिलो. ती लांबून धावत आली, काठावरच्या दगडावर एक पाय दिला आणि पलीकडं उतरून माझ्या शेजारून पुढं निघूनही गेली. छडी हातातच राहिली. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणालो, आपल्याला स्टीपलचेसची पोरगी मिळाली.

स्टीपलचेस म्हणजे काय, हे गावाला सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. तीन हजार मीटर पळायचं, वाटेत पस्तीस वेळा अडथळा ओलांडायचा, आणि त्यातल्या सात वेळा अडथळ्याच्या पुढं पाण्याचा खड्डा. मुलींसाठी अडथळा अडीच फूट उंच असतो. साध्या हर्डलला पाय लागला तर ते पडतं. हा दांडगा लाकडाचा ओंडका असतो, तो पडत नाही, आपण पडतो. खड्ड्यात अडथळ्याजवळ पाणी खोल आणि पुढं उथळ, त्यामुळं जी लांब झेपावते तिचे पाय कमी भिजतात. सगळी विद्या एवढीच, पण शिकायला सहा वर्षं लागली.

आमच्याकडं कुठला ट्रॅक! माझ्या उसाच्या बांधाला मी बारा फुटांचा खड्डा काढला, तळाला ताडपत्री घातली, जुन्या घराचे वासे आणून अडथळे केले. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, “मास्तर, म्हशीला डुंबायला केलं व्हय?” तेव्हापासून त्या जागेला डुंबणी हेच नाव पडलं. क्रांतीला त्याचा कधी राग आला नाही. ती म्हणायची, “सर, म्हैस तर म्हैस. पर पयली आलेली म्हैस.” ती जिल्ह्यात पहिली आली, राज्यात पहिली आली, आणि यंदा कनिष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी देशाच्या संघात निवडली गेली. स्पर्धा झाली त्या शहराचं नाव आमच्या गावात अजून कुणाला धड उच्चारता येत नाही, म्हणून मीही इथं लिहायचं धाडस करत नाही.

शर्यत आपल्याकडच्या दुपारी साडेचारला होती. मी ओसरीवर बसून मोबाइलवर बघितली. आधी तीन प्राथमिक फेऱ्या होत्या, त्यांना हीट म्हणतात. प्रत्येक हीटमधल्या पुढच्या मुली अंतिम फेरीत जाणार. क्रांती तिसऱ्या हीटमध्ये होती. चौदा जणींत ती अकरावी आली, म्हणजे अंतिम फेरी हुकली. पण वेळ लागली दहा मिनिटं एकवीस सेकंद! याआधीची तिची सगळ्यात चांगली वेळ दहा-तीस होती. एका शर्यतीत नऊ सेकंद कापायचे म्हणजे काय असतं, हे ज्यानं घड्याळ हातात धरून सहा वर्षं उन्हात काढलीत त्यालाच कळतं. मी ओसरीवर एकटाच उठून उभा राहिलो, डोळ्यांत पाणी आलं.

त्याच भरात मी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, “क्रांती थर्ड हिट. १०.२१. अभिमान वाटतो.” एवढ्यात शेतीपंपाची लाईट आली. मोबाइल चार्जिंगला लावून मी पाणी धरायला रानात गेलो.

मला म्हणायचं होतं, तिसरी हीट. गावानं वाचलं, क्रांती थर्ड. हिट! सिनेमा हिट होतो तशी पोरगी हिट झाली. दहा-एकवीसचं काय, असं कुणालाच वाटलं नाही. ती तिकडच्या घड्याळातली वेळ असेल, असा एकानं खुलासाही करून टाकला. दोन तासांनी मी परतलो तर चौकात फटाके उडत होते आणि मोबाइलवर दीडशे मेसेज पडले होते. मी आबांना फोन लावला. म्हणालो, “आबा, जरा घोटाळा झालाय.” ते म्हणाले, “मास्तर, आता घोळ घालू नगा. फ्लेक्स छापाय गेला. तुमचा बी फोटो टाकायला सांगितलाय, मार्गदर्शक म्हणून.”

खरं सांगतो, तिथं मी गप्प बसलो. बत्तीस वर्षांत माझा फोटो कुठल्या फ्लेक्सवर आला नव्हता. म्हटलं, उद्या सांगू. उद्या उजाडलं तेव्हा चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला होता. ‘तिसरी! कांस्यकन्या क्रांती हिचे हार्दिक अभिनंदन.’ वर आबांचा फोटो, त्याखाली क्रांतीचा, आणि एका कोपऱ्यात माझा, शाळेच्या ओळखपत्रावरचा. जोतीरामानं पेढे वाटले. मला तर त्यानं स्वतःच्या हातानं भरवला. आता त्याला कसं सांगायचं, या विचारात आणखी तीन दिवस गेले.

क्रांतीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परदेशात तिचा मोबाइल चालत नव्हता. जोतीराम आणि मी आबांच्या जीपमधून तिला आणायला पुण्याच्या विमानतळावर गेलो. ती बाहेर आली ती हसतच, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “सर, धा एकवीस!” मी तिच्या पाठीवर थाप मारली. पुढं बोलायची माझी छाती झाली नाही, जोतीराम शेजारीच उभा होता. जीपमध्ये ती दमून झोपली. उंब्रजला हायवे सोडून जीप आत वळली तेव्हा तिला जाग आली. वळणावरही एक फ्लेक्स होता. तिनं तो वाचला, परत वाचला.

“सर, तिसरी कोण आली?”

मी तिचा हात दाबला. “घरी गेल्यावर बोलू.”

जोतीराम पुढच्या सीटवरून वळला. “काय म्हणतीया?”

“दमलीय ती,” मी म्हणालो.

वेशीवर जेसीबी उभा होता. त्याच्या बकेटमधून तिच्या अंगावर फुलं पडली, मागोमाग गुलाल. बेंजो सुरू झाला. तिला उघड्या जीपवर उभं केलं. ती वाकून वाकून माणसांना काहीतरी सांगत होती, “मी तिसरी न्हाई, ऐका तर,” पण बेंजोपुढं कुणाचं काय चालतंय! माणसं तिचे हलणारे ओठ बघून अजून जोरात टाळ्या वाजवत होती.

आमच्या गावची कुठलीही मिरवणूक वेशीपासून निघते आणि चावडीपाशी थांबते. गणपती असो, निवडणूक असो, ओढ्याचा पूल कुणी ओलांडत नाही. तसा कुठं लिहिलेला नियम नाही, पण मला आठवतंय तेव्हापासून हेच चाललंय. त्या दिवशी मिरवणूक चावडीपाशी थांबली नाही. आबा पुढं झाले, पूल ओलांडला, आणि सगळं गाव भीमनगरात शिरलं. हरणाबाई दारात ओवाळायला उभी होती. आबा तिच्या घरात गेले, खुर्चीवर बसले, चहा मागितला आणि बशीत ओतून सगळा प्याले.

हरणाबाईची गोष्ट मला माहीत आहे. आबांच्या मळ्यात तिचा चहाचा कप गोठ्याच्या वळचणीला वेगळा खोचलेला असायचा. मी माझ्या डोळ्यांनी तो बघितलाय, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. त्या दिवशी म्हातारीनं आबांची रिकामी कपबशी हातात धरली आणि कितीतरी वेळ खालीच ठेवली नाही. “आबानं माझ्या घरात बसून च्या पिला,” ती नातीला म्हणाली. क्रांतीनं आजीकडं बघितलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

संध्याकाळी ती डुंबणीवर आली. मी सगळं कबूल केलं. मेसेज, वेलांटी, फ्लेक्सवरचा फोटो, सगळं. वाटलं, रागावेल. ती अडथळ्यावर बसून राहिली.

“सर, माझा टाइम कुणीच इचारला न्हाई. एवढी माणसं आली, एकानं बी न्हाई. शेवटच्या पाण्यावरनं मी अशी उडाले, सर, की बूट भिजला आसंल नसंल. वाटलं, सरांनी बघितलं आसंल.”

“बघितलं,” मी म्हणालो.

“मग त्येच लिवायचं की वो.”

मी म्हणालो, दोन दिवस जाऊ देत, वारं जरा खाली बसू दे. वारं कसलं खाली बसतंय! तिसऱ्या दिवशी भीमनगरच्या रस्त्यावर खडी येऊन पडली. तो रस्ता मंजूर होऊन नऊ वर्षं झाली होती. आता तो होणार आणि त्याला ‘क्रांती मार्ग’ नाव देणार, असं आबांनी जाहीर केलं. भीमनगरच्या बायका क्रांतीच्या हाताला हात लावून जायच्या. म्हणायच्या, “तुझ्यामुळं पोरींचं पाय चिखलातनं सुटलं गं.”

त्यानंतर पोरीला घराबाहेर पडणं मुश्कील झालं. पहाटे पळायला निघाली तर मोटारसायकली आडव्या यायच्या, “ताई, एक सेल्फी.” ती पाटाच्या कडेनं गेली तर तिथंही माणसं. मग तिनं पळणंच सोडलं. जी पोरगी सहा वर्षांत एक दिवस घरी बसली नव्हती, ती तीन खोल्यांत भिंतीला पाय लावून व्यायाम करायला लागली. लोक घरी येऊन पदक बघायला मागायचे. एकदा जोतीरामानं माझ्यासमोरच विचारलं, “पदक कुठाय गं?” ती बोलायच्या आत मीच म्हणालो, “दिल्लीला आहे, फेडरेशनकडं. येईल.” क्रांतीनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मला तिथं बसवेना. आधीचं खोटं निदान चुकून झालं होतं.

आठव्या दिवशी तिनं वडिलांना सगळं सांगितलं. जोतीराम बाहेर जाऊन खडीच्या ढिगावर बसला. आत आला तेव्हा एवढंच म्हणाला, “सत्कार हु दे. मग बघू. आजीच्या तोंडाकडं बघ, पोरी.” वडिलांनीही थांब म्हटलं, मीही थांब म्हणत होतो. ती कुणाकडं जाणार होती? या वयात मला त्या पोरीची भीती वाटायला लागली होती. ती वाटेत दिसली की मी वाट बदलायचो.

सत्कार शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी झाला. मांडव, फेटे, साताऱ्याहून आलेले पाहुणे. दिल्लीचं पदक यायला उशीर होतोय म्हणून आबांनी कराडहून एक पदक करून आणलं होतं, लाल फितीचं, चांगलं थाळीएवढं. ते गळ्यात घालायच्या आधी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माइकपाशी गेली. समोर पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, हरणाबाई बसली होती. क्रांतीनं तिच्याकडं बघितलंच नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं, असं मला वाटतं.

“मी तिसरी आले न्हाई,” ती म्हणाली. “मी तिसऱ्या हीटमधी होते. त्यात अकरावी आले. मला पदक मिळालेलं न्हाई. माझा टाइम दहा मिनिटं एकवीस सेकंद. एवढं जोरात मी आजवर कधीच पळाले नव्हते. मला त्याचाच आनंद हाय.”

मला घाम फुटला, आणि खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. तेवढ्यात आबा हसत हसत उठले आणि त्यांनी माइक स्वतःकडं ओढला.

“बघा! ह्याला म्हंत्यात संस्कार! एवढं मोठं यश मिळवून पोरगी म्हणती, मी काय बी केलं न्हाई. जागतिक पातळीवरची खेळाडू, पर पाय जमिनीवर! टाळ्या!”

मांडव टाळ्यांनी दणाणून गेला. आबांनी पदक तिच्या गळ्यात घातलं. ती तशीच उभी राहिली, हात खाली सोडून. मी तिला पडताना बघितलंय, गुडघे फुटलेले बघितलेत, पण तशी कधी बघितली नव्हती. मग पुकारा झाला, आता क्रांतीचे गुरू नानासो मास्तर दोन शब्द बोलतील. मी उठलो. ती माझ्याकडं बघत होती. आता खरं सांगायला दुसरं कुणी उरलेलं नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी म्हणालो, “पोरीनं गावाचं नाव काढलं. मला फार बोलता येत नाही.” आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीनं सांगलीला गेली. तिथं मुलींच्या वसतिगृहात राहून सरावाची सोय आधीच ठरलेली होती. पदक घरातल्या खुंटीला तसंच लटकत राहिलं. मी चार वेळा फोन केला, तिनं उचलला नाही.

बुधवारी सकाळी हरणाबाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. पूल ओलांडून, काठी टेकत, एकटीच आली होती. बायको चहा ठेवायला उठली तशी ती म्हणाली, “च्या नगं. मास्तर, पोरगी माइकवर बोलली त्ये खरं व्हय?”

मी मान हलवली.

“मला ऐकू कमी येतंय असं समद्यास्नी वाटतंय. मी येक शबूद सोडला न्हाई. ती अकरावी म्हणली. आन् आबा म्हणला, लाजती. माझी नात लाजाळू न्हाई, मास्तर.” तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. “मग आबानं माझ्या घरात च्या पिला त्यो कशापायी? ह्या खोट्यापायी?”

मी खुर्ची पुढं केली, ती बसली नाही.

“पोरगी खरं बोलून मोकळी झाली. तिला परत आत ढकलली ती तुमी. तुमी का गप बसला?”

“चुकलं, हरणाबाई.”

“लिवलं तुमी. मग खोडायला बी तुमीच जायाचं.” एवढं बोलून ती निघाली. मी सोडायला येतो म्हटलं, तर काठीनंच नको म्हणून खुणावलं.

मी जोतीरामाला फोन केला. म्हटलं, शिडी घेऊन चौकात ये. त्या दिवशी तो कराडला गेला नव्हता. अर्ध्या तासात त्याची विजेच्या खांबावर चढायची शिडी आली. घरात मोटारीला मारायचा काळा रंग होता, तो आणि ब्रश घेतला. बुधवार म्हणजे बाजाराचा दिवस. सकाळी अकराला, भाजीवाल्या बायका, मोटारसायकलवाली पोरं, सगळ्यांच्या देखत मी एकसष्टाव्या वर्षी शिडीवर चढलो. जोतीरामानं खालून शिडी धरली. ‘तिसरी’ आणि ‘कांस्यकन्या’वर काट मारली. माझा फोटो रंगवून टाकला. आणि वर हातभर अक्षरांत लिहिलं, ‘तिसऱ्या हिटमध्ये अकरावी. १० मि. २१ से. चुक माझी. नानासो मास्तर.’

खाली गर्दी जमली होती. आबांचा एक माणूस ओरडला, “मास्तर, डोकं फिरलं काय?” मी वरूनच सगळं सांगितलं, मेसेजपासून पदकापर्यंत. शाळेत कवायतीच्या हुकमाला लावायचो तो आवाज लावला, माइक लागला नाही. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका भाजीवालीनं विचारलं, “धा मिन्टं म्हंजी लय व्हय?” मी म्हणालो, लय. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि भीमनगरची खडी भरून घेऊन गेला. रस्त्याची मोजणी परत करायची आहे, असं कारण सांगितलं. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. काही मला बोलल्याही, आणि बोलायचा त्यांना हक्क होता. त्यांच्या पोरी चिखलातनं जाणार, याचं मला आजही वाईट वाटतं. हरणाबाईनं खुंटीवरचं पदक काढलं आणि ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. म्हणाली, “ह्ये बी आबाचंच हाय. न्हे जा.”

आबा त्यानंतर माझ्याशी बोलत नाहीत, पण रंगवलेला फ्लेक्स काही त्यांनी उतरवला नाही. मी रोज संध्याकाळी डुंबणीवर जाऊन बसायचो आणि मोबाइल बघायचो. क्रांतीचा फोन नाही, मेसेज नाही. तिनं कधीच बोलू नये असंच मी वागलो होतो, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार?

चौथ्या दिवशी मेसेज आला. फ्लेक्सचा तोच फोटो तिनं मला परत पाठवला होता. ‘हिट’ आणि ‘चुक’भोवती लाल गोल काढले होते आणि खाली लिहिलं होतं, “सर, दोन्ही दीर्घ.”

मी जोतीरामाला फोन लावला आणि म्हणालो, शिडी परत घेऊन ये.